विमलाबाई आणि नातीच्या सासरचं पाणी

आमच्या बालाघाटकडच्या खैरलांजीत कोणाला लेकीच्या सासरी पहिल्यांदा जायचं असलं, की तो आधी विमलाबाईला विचारून जातो. कुठे बसावं, कशाला हात लावावा, कशाला लावू नये, याचा सगळा कायदा तिला तोंडपाठ. ही माझी मोठी बहीण. मी राजेगावचा, ती लग्न होऊन खैरलांजीला गेली. आता दोघांचेही केस पांढरे झाले, तरी मी तिला बाई म्हणतो आणि ती मला भैया म्हणते. माझं पूर्ण नाव भैयालाल, पण ते तिला फक्त राग आल्यावर आठवते.

तिच्या कायद्यातलं पहिलं कलम असं, की ज्या घरी मुलगी दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही. मुलगी देऊन टाकली, आता त्या घरून काही घेणारे आपण कोण? हे ती पुस्तकातून शिकली नाही, आमच्या बाबाला पाहून शिकली. मी तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा होतो. बाईला भेटायला जायचं असलं की बाबा वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून घ्यायचा आणि मला सोबत न्यायचा. एकदा ऐन वैशाखात बाईच्या सासूने ताकाचा गिलास पुढे केला. तुंबा तर वाटेतच रिकामा झालेला. बाबाने गिलासाला नमस्कार केला, तो बाजूला ठेवला आणि सुकल्या तोंडाने धानाच्या अन् बैलांच्या गोष्टी सांगत ओसरीवर बसून राहिला. परतताना गावाची शीव ओलांडली आणि नाल्यावर वाकून तो असा प्यायला, की मला वाटलं आता खालच्या गावाला पाणी पोचत नाही.

बाईची सासू मोठी कडक होती. पण त्या दिवसानंतर तिने सुनेला बापावरून एक शब्द कधी ऐकवला नाही. बाई म्हणते, बाबा तहानेला राह्यला म्हणून माहा मान राह्यला. ही गोष्ट ती दर दिवाळीला सांगते, आणि दर दिवाळीला तो वैशाख थोडा जास्त तापतो.

पुढे तिची स्वतःची लेक मंजू भरवेलीला दिली. जावई मँगनीजच्या खाणीत. बाई बसने लेकीकडे जायची ती पाण्याची कॅन मांडीवर घेऊन. कंडक्टर विचारायचा, माताजी, गंगाजल है क्या? बाई हौ म्हणून टाकायची, कारण गंगाजल म्हटलं की तो कॅन पायाखाली ठेवायला सांगत नसे.

तर अशा या बाईची नात आर्मेनियात डॉक्टरकी शिकायला गेली. नात म्हणजे तिचा मुलगा वीरेंद्र याची मुलगी, श्रुतिका. देशाचं नाव ऐकून मी नातवाचा नकाशा काढून बसलो. आमच्या शाळेच्या भिंतीवर जो नकाशा होता, त्यात हा देश रशियाच्या पोटातच होता, वेगळा काही दाखवला नव्हता. पोट्टी तिथली भाषा शिकली, बर्फात चालायला शिकली, आणि शेवटच्या वर्षाला आल्यावर घरी फोन करून म्हणाली की तिला तिथला एक मुलगा पसंत आहे. नाव तिग्रान, दवाखान्यात एक्सरे काढतो.

वीरेंद्र दोन दिवस शेतावरच जाऊन बसला. बाईने मात्र फोनवर त्या मुलाचा फोटो मोठा करून पाहिला, कान पाहिले, दात पाहिले, आणि विचारलं की घरी कोण आहे. श्रुतिकाने सांगितलं, आईबाप कामासाठी रशियात असतात, त्याला लहानाचा मोठा आजीने केला. बाई म्हणाली, आजीनं वाढवला तं पोट्टा बिघडला नसन. झालं, आमच्याकडून होकार गेला.

अडलं ते तिकडे. तिग्रानची आजी, सिरानुश तिचं नाव, तिने सांगून ठेवलं की मुलगी मला आवडते, पण मुलीची माणसं पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि आजीच्या शब्दाबाहेर तिग्रान जाणार नव्हता. सगळं त्या म्हातारीच्या हो-नाहीवर येऊन थांबलं. वीरेंद्रच्या बायकोचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तो घर सोडू शकत नव्हता. मग ठरलं की बाई जाईल, आणि बाईला सांभाळायला मी जाईन. बाईच्या मते मला सांभाळायला ती गेली.

विमानाचं फार सांगत नाही, नाहीतर गोष्ट तिथेच राहील. एवढंच सांगतो, की दुसऱ्या विमानात बसल्यावर बाईने मला विचारलं, "भैया, हे विमान कोनाचं आहे? पोट्ट्याच्या देशाचं तं नाही ना?" नाही म्हटल्यावरच तिने पाणी घेतलं.

येरेवान शहरात सिरानुशबाईचं घर जुन्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बाईने तिच्यासाठी घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ नेला होता. तो आदल्या दिवशीच श्रुतिकाच्या हाती पोचता केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो. दार उघडताच वास आला आणि मी नाक दुसरीकडे वळवलं, कारण मीही मुलीकडचाच, म्हणजे कायदा मलाही लागू.

टेबलाचं लाकूड दिसत नव्हतं, एवढे पदार्थ. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला खिमा, निखाऱ्यावर भाजलेलं मांस, लोणची, चीज, अक्रोड, आणि लवाश म्हणून त्यांची मोठी पातळ पोळी असते, तिच्या घड्यांची चवड. मधोमध वाफाळता चिन्नोर. सिरानुशबाई ठेंगणी, गोरी, रुंद हाडाची, हातावर पिठाचे डाग. तिने बाईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बाईने ते घेऊ दिले, ते काही खाण्यात मोडत नाहीत. तिग्रानला श्रुतिकाने हिंदीचे दोनच शब्द शिकवले होते, बैठिए आणि खाइए. पहिला आम्ही पाळला.

बाई हात जोडून म्हणाली की आम्ही जेवून आलो. श्रुतिकाने ते सांगितलं. सिरानुशबाई हसली, तिला वाटलं लाजतात, आणि तिने पाण्याचा गिलास बाईच्या हातात दिला. बाईने गिलासाला नमस्कार केला आणि तो बाजूला ठेवला. अगदी बाबासारखा. मी खालच्या आवाजात म्हटलं, बाई, भात तरी घेऊ, हा तं आपलाच तांदूळ.

"देल्ला का आपला राहात नाही," बाई म्हणाली. "पोट्टी तसा तांदूळ."

आता श्रुतिका हिंमत करून सिरानुशबाईला सगळा कायदा समजावू लागली. दान, मान, बापाची तहान, सगळं. म्हातारी ऐकत होती, पण तिचे डोळे त्या गिलासावर होते. शेवटी तिने जे विचारलं, ते श्रुतिकाने आम्हाला मान खाली घालून सांगितलं. ती म्हणते, जे माझ्या घरचं पाणी पीत नाहीत, त्यांची मुलगी माझ्या घरात जन्मभर कशी राहील?

बाईने पुन्हा एकदा हात जोडले. 

आम्ही थोडा वेळ बसलो आणि उठलो. चूक झाली ती त्याच्यापुढे. येरेवानात रस्त्यारस्त्यावर दगडी पाणपोया आहेत, त्यातून पाण्याची बारीक धार सतत वर उडत असते, वाकायचं आणि प्यायचं. सिरानुशबाईच्या इमारतीसमोरच एक आहे. बाईच्या घशाला दुपारपासून कोरड पडलेली. तिने मला विचारलं, हे कोनाचं? मी म्हटलं, नगरपालिकेचं असन. ती वाकली आणि पोटभर प्यायली, तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि समाधानाने वर पाहिलं. वर बाल्कनीत सिरानुशबाई उभी होती. आम्हाला निरोप द्यायला आली होती. तिने हात हलवला नाही, आत गेली आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावरच्या नळाचं चालते, आणि माझ्या हातचं चालत नाही, असं तिला वाटलं असणार. तिच्या जागी मी असतो तरी हेच समजलो असतो.

आम्ही श्रुतिकाच्या खोलीवर उतरलो होतो. सकाळी चहा देताना तिचे डोळे सुजलेले. तिने बाईला एवढंच म्हटलं, "आजी, एक घोट पिली असती तं काय बिगडलं असतं?"  बाईने वेणी दोनदा घातली, दोनदा सोडली. बाई अस्वस्थ असली की असं करते. तिच्यासाठी तो एक घोट नव्हता. तो घोट घेतला असता तर आमचा बाबा त्या ओसरीवर उगाच तहानलेला बसला असं झालं असतं. हे मला कळत होतं, पण पोट्टीला कसं सांगणार?

त्याच दिवशी आम्हाला सेवानच्या तळ्यावर जायचं होतं. ते आमच्यासाठी ठरलेलं नव्हतं, सिरानुशबाईचाच नवस होता. नातू सैन्यातून धड परत आला तर सेवानच्या मठात कोकरू देईन, असं ती बोलली होती, आणि बोलावणं आधीच दिलेलं असल्यामुळे ते मागे घेता येत नव्हतं. गाडीत ती पुढे बसली, आम्ही मागे. सगळ्या रस्त्याने तिची पाठच दिसली.

पण तळं दिसलं आणि मी गाडीतले रुसवे विसरलो. एवढं पाणी मी डोंगरावर कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पाणी खाली असते, डोंगर वर असतो. इथे डोंगर चढून गेलं तर वर पाणी, निळं, पलीकडचा काठ धूसर, आणि वारा असा की मे महिन्यात दात वाजावेत. बालाघाटात त्या दिवशी लोक भिंतीला पाणी मारत असतील. बाईने लुगड्यावर श्रुतिकाचं गुलाबी जॅकेट घातलं होतं आणि चपलेत मोजे. फिरायला आलेल्या रशियन लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

मठ टेकडीच्या माथ्यावर. काळ्या दगडाची दोन लहान देवळं, वर टोकदार छत, भोवती गवत आणि लाल फुलं. हजार वर्षांच्या वरचं बांधकाम, एका राजकन्येने करवून घेतलं म्हणतात. पूर्वी हे बेट होतं, साधू नावेतून ये-जा करत. रशियाच्या राज्यात विजेसाठी आणि शेतीसाठी तळ्याचं पाणी सोडलं, पाणी उतरलं आणि बेट जमिनीला येऊन चिकटलं. पायऱ्या पुष्कळ. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे न पाहता चढल्या, पण एक थांबली की दुसरीही थांबायची, आणि आधी चालू लागायला कोणी तयार नसायचं. मी मधल्या मध्ये धापा टाकत होतो.

आत अंधार आणि मेणबत्त्यांचा वास. वाळूच्या परातीत लोक बारीक मेणबत्त्या लावतात. बाईने लावली, हात जोडले. देव कोणता हे तिने विचारलं नाही, दिवा लावायची जागा दिसली, तेवढं तिला पुरतं. एका कोरीव दगडावर येशू ख्रिस्त होता आणि त्याच्या खांद्यावर दोन लांब वेण्या. मी तिग्रानला खुणेने विचारलं. तो सांगू लागला आणि श्रुतिका आमच्या भाषेत करून देऊ लागली. म्हणे फार पूर्वी मंगोल लोक चालून आले होते, दिसेल ते फोडत होते. तेव्हा इथल्या पाथरवटाने येशूला त्यांच्यासारखे डोळे आणि त्यांच्यासारख्या वेण्या कोरल्या, की पाहणाऱ्याला वाटावं हा आपलाच कोणी आहे. लोक तरी असं सांगतात.

बाईने विचारलं, "मंग फोडला नाही त्यायनं?"

"नाही आजी, हा पाह्य ना, तसाच आहे."

बाई त्या वेण्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, चाल.

आता बाहेर निघायची रीत. तिथे देवाला पाठ दाखवत नाहीत, उलट्या पावलांनी बाहेर येतात. आमच्याकडेही जुनी माणसं असंच करतात, त्यामुळे बाईला कोणी सांगावं लागलं नाही. ती आपोआप मागे मागे सरकू लागली. सिरानुशबाईही सरकत होती. दोघींचं लक्ष समोर, दार मागे आणि अरुंद. उंबऱ्यावर दोघींचे खांदे एकमेकींवर आपटले, बाईचा मोज्यातला पाय निसटला आणि ती पडणार, तेवढ्यात सिरानुशबाईने तिचा दंड पकडला. बाहेर येईपर्यंत सोडला नाही. मी मात्र सरळ पाठ करून बाहेर आलो होतो. दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं.

खाली तळ्याच्या काठावर तिग्रानचा मामा मोठ्या पातेल्यात कोकराचं मांस उकळत होता. त्याला ते मताग म्हणतात. पुजाऱ्याने मंत्रून दिलेलं मीठ घालायचं, बाकी ना तिखट, ना हळद, ना कांदा. मग येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं. आमच्याकडच्या भंडाऱ्यासारखंच, फक्त पंगत उभ्याने. बाई आणि मी थोडं दूर दगडावर बसलो. श्रुतिकाच्या खोलीवरून आणलेल्या पोळ्या सोबत होत्या. माझं तोंड पोळीत आणि नाक पातेल्यात.

मामा वाढण्यात अगदी कच्चा. पहिल्या चार जणांना डोंगर वाढला, मागे उभ्या असलेल्या, नांगर ओढल्यासारख्या थकलेल्या एका कोळ्याला नुसता रस्सा, दोन लहान पोरांना तर तो विसरलाच. बाईचा जीव वरखाली होऊ लागला. खैरलांजीच्या कोणत्याही भंडाऱ्यात शेवटच्या माणसापर्यंत भाजी पुरते, ती बाईच्या हातामुळे. ती पुटपुटत होती, पाहजो गा भैया, पाहजो, असं कोनी वाढते का. मग उठली, जॅकेटच्या बाह्या वर केल्या, मामाच्या हातातून वाढायचा डाव घेतला आणि त्याला कोपराने बाजूला केलं.

मामा पाहतच राहिला. सिरानुशबाई लवाशमध्ये मांस गुंडाळून देत होती, तीही थांबली. बाईने आधी पोरांना वाढलं, मग कोळ्याला, मग रांगेचा अंदाज घेऊन तुकडे सारखे केले. हळूहळू दोघींची लय बसली, एकीने गुंडाळायचं, दुसरीने रस्सा घालायचा. कोणाला भाषेची गरज पडली नाही. सिपाही आले, दगडाच्या माळा विकणाऱ्या बाया आल्या, फोटोवाले रशियन परत आले.

रांग सरली. सिरानुशबाईने एक लवाश गुंडाळला आणि बाईसमोर धरला.  तिग्रान तळ्याकडे पाहू लागला. श्रुतिकाने ओढणीचं टोक दातात धरलं. मी पोळी खाली ठेवली, कारण बाईने खाल्लं तर मलाही खाता येणार होतं, हेही आपलं होतंच.

बाईने श्रुतिकाला विचारलं, "उरलं तं हे घरी नेते का थे?"

"नाही आजी. मतागचं घरी नेऊन ठेवत नाही. देवाले बोललं का आजच्या आज वाटून टाकाचं. नाही वाटलं तं नवस फिटत नाही."

"आन् मीठ पुजाऱ्यानं देल्लं?"

"हौ."

"मंग हे तिच्या घरचं नाही. देवाघरचं आहे." आणि बाईने लवाश घेऊन मोठा घास तोडला. चावताना तिचा चेहरा थोडा वाकडा झाला, बिनतिखटाचं मांस तिने जन्मात खाल्लं नव्हतं, पण तिने शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवलं आणि बोटं चाटली. मी उठून पातेल्यापाशी कधी पोचलो, मला कळलं नाही.

सिरानुशबाईचे डोळे भरले होते. पण म्हातारी चतुर. तिने लगेच पिशवीतून घरून आणलेली पाण्याची बाटली काढली आणि पुढे केली.

 बाईने बाटलीकडे पाहिलं, हात जोडले आणि मान हलवली. सिरानुशबाईचा हात तसाच राहिला. मला वाटलं, संपलं, आता परत येताना पुन्हा पाठच पाहत यायचं.

पण बाईने तो बाटलीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि श्रुतिकाला म्हणाली, "तिले सांग, मी कायमचं ‘नाही’ नाही म्हनून राह्यली. पोट्टीच्या मांडीवर लेकरू आलं का कायदा सुटते. मंजूच्या घरी मी असंच केलतं. पनतू होवो का पनती, त्या दिवशी येतो आन् तिच्या हातचं घागरभर पेतो."

श्रुतिकाचा चेहरा त्या गवतातल्या लाल फुलासारखा झाला. ती म्हणाली, आजी, हे मी नाही सांगत. बाई म्हणाली, मंग कोन सांगन, भैया सांगन? तिग्रान श्रुतिकाला पुन्हा पुन्हा विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली. शेवटी तिने तळ्याकडे तोंड करून, अगदी हळू आवाजात, त्यांच्या भाषेत सांगून टाकलं.

सिरानुशबाईने ऐकलं. आधी तिने बोटावर काही हिशोब केला. मग ती एवढी हसली की तिला पातेल्याचा कान धरावा लागला. मामाही हसला. तिने बाटली परत पिशवीत टाकली, तिग्रानच्या छातीवर बोट रोवलं आणि त्याला दरडावून एक वाक्य बोलली. तिग्रान कानापर्यंत लाल.

"काय म्हनते थे?" बाईने विचारलं.

श्रुतिका हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "म्हणते, मंग लग्नाले उशीर काहून करता? या बाईले किती दिवस तहानेली ठेवता?"

बाईने ऐकलं, मान डोलावली. "समजदार आहे," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून नवे लोक येत होते त्यांच्याकडे पाहत तिने डाव पुन्हा हातात घेतला.